आधी पडुगू

कॉम्प्युटरच्या रिकाम्या पडद्यासमोर ती हात धरायची. बोटं फाकवून, जरा वाकवून, जणू पडद्यातून वारा सुटलाय आणि त्याचे धागे बोटांत अडकायला लागलेत. डोळे अर्धे मिटलेले. थोडा वेळ तशीच बसायची. मग हात खाली घेऊन म्हणायची, "चला मामा, आधी पडुगू."

कॉम्प्युटरपुढं बसणारी माणसं तुम्हीही बघितली असतील. बँकेत, तहसीलला. कपाळाला आठी आणि बोटं टकाटका. ही तशी नव्हती. ही पडद्याकडं बघायची ते लांबच्या माळाकडं बघावं तसं.

आमचं ऑफिस जुळे सोलापुरात, एका बंगल्याच्या वरच्या मजल्यावर. जमिनीखालचं पाणी शोधून द्यायचं काम. मी जीपचा ड्रायव्हर. शाळा तिसरीत सोडली. मी सोडली, शाळेनं मला काढलं नाही, हे आधीच सांगून ठेवतो. ती दगडमातीचं शिक्षण घेतलेली, साहेबांनी तिला नकाशांसाठी ठेवलेली. सगळे तिला मॅडम म्हणायचे, मीही म्हणायचो. वयानं माझ्या धाकट्या लेकीएवढी. मला मामा म्हणायची, आणि ते मला आवडायचं, पण मी कधी दाखवलं नाही.

काम असं असायचं. माळावर जायचं, लोखंडी सळया रांगेनं जमिनीत ठोकायच्या, तारा जोडायच्या आणि यंत्रातून जमिनीत वीज सोडायची. खाली ओल असली की वीज सहज पळते, कोरडा खडक असला की अडते. यंत्र ते आकड्यात सांगतं. आता ह्या आकड्यांना बसायला खाली काहीतरी पाहिजे की नाही? गावाची शीव, ओढे, रस्ते, विहिरी, चढउताराच्या रेषा. साहेब त्याला बेस मॅप म्हणायचे. सॉफ्टवेअर उघडलं की तसला एक तयार नकाशा आपोआप पुढं येतो, हॉटेलात न मागता पाण्याचा ग्लास येतो तसा. साहेबांना तो चालायचा.

तिला चालायचा नाही. ती आधी तो पुसून टाकायची. सगळा पडदा पांढरा. मग एकेक गोष्ट हाताला धरून आणावी तशी आणायची. आधी शीव. मग ओढे. ओढ्यांशी ती बोलायची, "बस गं इथंच. पळू नको." मग चढउताराच्या रेषा, मग रस्ते, मग विहिरींचे बारके गोल. प्रत्येकाला वेगळा रंग, आणि रंगांची नावंही तिचीच. ओढे मोरपंखी, खडकाच्या भिंती आमसुली, गाडीवाट चटणी रंगाची.

साहेब एकदा मागं उभे राहून म्हणाले, "मॅडम, नकाशा काढताय का इरकल विणताय?"

तिनं मान वर न करता सांगितलं, "इरकल आमच्यात नाही विणत सर. चादर विणतात."

 मी दाराशी हसलो, पण मिशीत.

ह्या नकाशाला ती पडुगू म्हणायची. आता मला वाटलं, हा कॉम्प्युटरमधला शब्द. इंग्रजी असणार. विचारायचं कशाला? आपण अडाणी आहोत हे लोकांना माहीत असतंच, त्याची दवंडी आपण का पिटायची? मी तो शब्द उचलला आणि वापरायला लागलो. कोणी सरपंच, कोणी इंजिनियर आला की मी खालीच अडवायचो, "मॅडम पडुगूवर हायत. पडुगू झाल्याबिगर भेट न्हाई."

एकदा पुण्याहून एक मोठा माणूस आला, टाय लावलेला. त्यालाही हेच सांगितलं. त्यानं गंभीर मान हलवली. "बरोबर आहे. पडुगू नीट झालाच पाहिजे. हल्ली लोक त्याकडे दुर्लक्ष करतात." आणि गुमान खुर्चीवर बसला.

तुम्हीच सांगा, अडाणी कोण? दोघंही, असं माझं मत आहे.

मग एक दिवस सकाळी लवकर निघायचं होतं म्हणून तिला घ्यायला तिच्या घरी गेलो. पूर्व भागात, अरुंद बोळ, घरातून मागाचा आवाज रस्त्यावर येतो अशी जागा. पुढच्या खोलीत तिचे वडील. लुंगी, चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेली. ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत उभे धागे ताणून लावलेले, आणि म्हातारा त्यांच्यापुढं बोटं फाकवून उभा. डोळे अर्धे मिटलेले. हुबेहूब ती.

ती आतून आली आणि वडिलांना तेलुगूत, झाला का अशा सुरात, म्हणाली, "पडुगू अयिंदा?"

मी चपापलो. म्हटलं, "मॅडम, तुमच्या वडलांनाबी सॉफ्टवेअर येतं व्हय?"

ती आधी बघतच राहिली. मग अशी हसली की उंबऱ्यावर बसली. वडील विचारतात, "काय म्हणालाय ड्रायवर?" तिला सांगता येईना. शेवटी डोळे पुसत म्हणाली, "मामा, पडुगू म्हणजे ताणा. मागावरचे उभे धागे. ते आधी लावायचे, मग आडवे भरायचे. नकाशा पण तसाच की. हा खालचा नीट लागला की वरचं आपोआप बसतं."

"मला म्हाईत हुतं," मी म्हणालो. "तुमाला म्हाईत हाय का ते बगत हुतो."

"हो का?"

"व्हय."

वडिलांनी मला चहा दिला. पण त्या दिवसापासून ती माझ्यापुढं पडुगू म्हणताना डोळ्यांनी हसायची. मी तिकडं लक्ष दिलं नाही.

तिची आणखी एक खोड होती. नकाशा पुरा झाला की ती खुर्ची मागं सारायची आणि म्हणायची, "मामा, धागा सुटला का बघा."

मला त्यातलं काय कळायचं? रंगीत रेघा. पण मी चष्मा लावायचो, पुढं वाकायचो, वरपासून खालपर्यंत सावकाश बघायचो. चहा गार व्हायचा. मग सांगायचो, "न्हाय सुटला." तेवढं ऐकल्याशिवाय ती नकाशा साहेबांकडं पाठवायची नाही. घरी वडील तिलाच असं बोलवायचे म्हणे, लहानपणापासून. लावणाऱ्याच्या नजरेला सुटलेला धागा दिसत नाही, दुसऱ्याला दिसतो.

असे किती नकाशे झाले कोण जाणे. मग आमच्याकडच्या गावाचं काम आलं.

माझं मूळ गाव मंगळवेढ्याच्या पुढं, सांगोल्याकडं जाताना आत. त्यातही मी गावठाणातला नाही, वस्तीवरचा. आम्ही मेंढरांची माणसं. गावापासून लांब, ओढ्यापलीकडं माळावर घरं. माझी थोरली बहीण, आमची अक्का, अजून तिथंच असते. गुडघे गेलेत, तरी रोज गावातल्या नळावरून घागर आणायची, ओढा उतरून, ओढा चढून. मी शंभरदा म्हटलं, सोलापूरला चल. तिचं एकच, "तितं माळ कुटंय?" पंचायतीनं आता बोअर घ्यायचं ठरवलं होतं, आणि जागा आमचं ऑफिस सांगणार होतं. मी कोणाला काही बोललो नाही. माझ्या बहिणीसाठी बघा, असं म्हणणारा माणूस मी नाही.

तिनं नकाशा लावला. खुर्ची मागं सारली. "मामा, धागा सुटला का बघा."

मी वाकलो. ह्यावेळी खरंच बघत होतो. घाम आला. माझाच माळ, माझाच ओढा, आणि मला काही ओळखेना. म्हटलं, "ह्यो नकाशा खोटा हाय."

"का हो?"

"गाव असं आडवं न्हाय. गाव म्होरं असतंय."

दुसरी कोणी असती तर मला उत्तर-दक्षिण शिकवायला बसली असती. तिनं विचारलं, "मामा, गावाला जाताना तोंड कुठं असतं तुमचं?"

"मावळतीकडं. दुसरं कुटं आसणार?"

तिनं काय दाबलं देव जाणे. सगळा नकाशा हळूहळू फिरायला लागला. ओढे फिरले, रस्ते फिरले, शीव फिरली, देवळाभोवती पालखी वळावी तसा. मावळत वर आली. उत्तरेचा बाण आडवा झाला, उजवीकडं तोंड करून पडला. आणि मी बघतो तर समोर माझी वाट. जीपच्या काचेतून दिसते तशी. ही खिंड, हा बिरोबाचा माळ, हे वळण, हे गावठाण, इथं ओढा, आणि ओढ्यापलीकडं...

ओढ्यापलीकडं पांढरं होतं.

"सुटला," मी म्हणालो.

"काय सुटला?"

"धागा सुटला. वस्ती न्हाय."

ती जवळ सरकून बघायला लागली. तयार नकाशात वस्ती नव्हती, सरकारी नकाशातही नव्हती, म्हणून तिच्या नकाशातही आली नव्हती. आणि जे नकाशात नाही तिकडं सळया ठोकायला कोण जातंय? मोजणीच्या सगळ्या रेषा गावठाणाभोवती आखलेल्या.

"कोण राहतं तिथं?" तिनं विचारलं.

"ऱ्हातेत माणसं," मी म्हणालो. आणि मग कसं कोण जाणे, तोंडातून गेलं, "माझी अक्का ऱ्हाती."

साहेब आले, पडदा बघून थबकले. साहेब वाईट माणूस नव्हते. घाईत असायचे, एवढंच. म्हणाले, "मॅडम, उत्तर झोपली का?"

"फिरवलीय सर."

"उत्तर वर असते. सगळ्या जगात."

"जगात असते सर. मामांच्या गावाला जाताना मावळत वर असते."

साहेबांनी माझ्याकडं बघितलं. मी छताकडं बघितलं.

मग तिनं वस्तीचं काढलं. साहेब म्हणाले, चार घरांसाठी पुन्हा मोजणी? पंचायतीनं गावठाण सांगितलंय, तेवढं द्या, नकाशा आज पाठवा. ती उठून उभी राहिली. आवाज चढवला नाही, पण टेबलावर कायम ठेवलेला वडिलांचा मागावरचा जुना धोटा, आडवा धागा भरायचा, तो तिच्या मुठीत होता, ते मी बघितलं.

"सर, आडवा धागा चुकला तर उसवून परत भरता येतो. पडुगूतला एक सुटला तर शेवटपर्यंत चादरीला फट राहते. मी असा नकाशा पाठवणार नाही. दुसऱ्याकडून करून घ्या."

 तिची नोकरी त्या दिवशी त्या धोट्याएवढ्याच जागेवर उभी होती. शेवटी साहेब म्हणाले, "रविवारी जा. गाडी घेऊन जा. पण सोमवारी मला नकाशा पाहिजे."

रविवारी निघालो. वाटेत मी तिला सांगितलं, वस्तीची जुनी पडकी विहीर ओढ्याच्या अलीकडं आहे. ती म्हणाली, वरून घेतलेल्या फोटोत पलीकडं दिसते. मी म्हणालो, फोटो खोटा. जाऊन बघतो तर विहीर पलीकडं.

"मामा?"

"सरकली आसंल."

"विहीर?"

"लई वर्सं झाली की. माणसं सरकत्यात, हीर न्हाय सरकणार?"

तिनं हातातल्या यंत्रात विहिरीची जागा टिपून घेतली, मग प्रत्येक घराची, मेंढरांच्या वाड्याची, बाभळीची. घराघरापुढं उभी राहून नाव विचारायची. अक्का दारात चातीवर लोकर कातत बसली होती. म्हणाली, "ही कोन रं?"

"मॅडम हायत. नकाशा काडत्यात."

"कशाला?"

ती अक्काच्या शेजारी मातीत बसली. चातीवरचा काळा धागा बोटांत धरून बघितला. म्हणाली, "आजी, तुमचं घर लिहून घ्यायला आलेय."

"लिवून काय हुतंय?"

"लिहिलं की पाणी शोधता येतं."

अक्का हसली. तिच्या तोंडात एकच दात, तो पण हसला.

सळया ठोकल्या. उन्हाळा संपत आलेला, जमीन तव्यासारखी. सळई बसायची, पण वीज आत जाईना. कोरड्या जमिनीत असं होतं, मग सळईच्या बुडाशी मिठाचं पाणी घालतात. आमचे पाण्याचे कॅन वाटेत तापलेल्या जीपलाच संपलेले. मी गाडी घेऊन गावात जाऊन येतो म्हणालो, तोवर अक्का घागर काखेत मारून आली. सकाळी आणलेली, पुरी भरलेली. ओंजळ भरली आणि पहिल्या सळईच्या बुडाशी सोडली.

"अक्का, सांजच्याला काय पिशील?"

"तू गप. ह्या पाण्यानं पाणी हुडकायचं हाय न्हवं?"

एकेका सळईला एकेक ओंजळ. मॅडम मागून बघत होती. तिच्या हातातली तार तशीच राहिली. माळावर वारा नव्हता, मेंढरांच्या गळ्यातल्या घंटा लांबून ऐकू यायच्या, आणि अक्काची ओंजळ जमिनीवर पडली की माती चुर्र करायची. मला ते सगळं झोपेत बघितल्यासारखं आठवतं. 

सोमवारी नकाशात ओढ्यापलीकडं वस्ती आली. नाव लिहिलं होतं. मी ते अक्षर अक्षर लावून वाचलं. तिनं त्यावर यंत्राचे आकडे बसवले, रंग पसरत गेले, आणि शेवटी तिनं एका जागी बोट ठेवलं. बाभळीजवळ.

"तितं?" मी म्हणालो. "तितं शेरडंबी बसत न्हाईत. तितं पाणी आसतं तर माज्या बापाला कळलं नसतं व्हय?"

"मामा, धागा सुटला का?"

"न्हाय सुटला. पर तितं पाणी न्हाय."

बोअरची गाडी आली तेव्हा तीही आली होती. सकाळपासून पांढरी धूळ उडत होती. वस्तीवरची माणसं तोंडाला फडकं लावून बसलेली. अक्का चाती फिरवत होती, मान खाली. मी लांब उभा होतो, कारण मी सांगितलंच होतं. दुपार उलटली. मशीनवाला मान हलवायला लागला. मॅडमचं तोंड धुळीनं पांढरं झालेलं, ओठ घट्ट. मी पहिल्यांदाच मनात म्हटलं, बिरोबा, मला खोटं पाड.

मग धूळ काळी पडली. काळ्याचा चिखल झाला. आणि मग भोकातून फवारा उडाला. लई मोठा नव्हता. पण पाणी होतं.

ती पुढं गेली आणि फवाऱ्यात हात धरला. बोटं फाकवून, जरा वाकवून. डोळे अर्धे मिटलेले. पाण्याचे धागे तिच्या बोटांतून खाली यायला लागले.

अक्का माझ्याजवळ येऊन म्हणाली, "तू म्हनाला हुतास न्हाय म्हनून."

"अजून म्हंतो," मी म्हणालो.

आणि आजही म्हणतो. तिथं पाणी नव्हतं. मॅडमनं आधी नकाशात वस्ती काढली, मग पाण्याला यावं लागलं.

तिथं आता हातपंप आहे. अक्का पहिली ओंजळ अजून जमिनीवर सोडते. कशाला म्हणून विचारलं तर म्हणते, "जमिनीनं आदी घेतली हुती न्हवं, मग दिलं."

पुढच्या वर्षी मॅडम ऑफिस सोडून गेली. मुंबईला मोठ्या कंपनीत, समुद्राच्या तळाचे नकाशे करायला. निघायच्या दिवशी मीच तिला स्टेशनवर सोडलं. वडील मागं बसलेले, मांडीवर चादरीचं बोचकं. ती म्हणाली, "मामा, इथं वर जमीन आणि खाली पाणी शोधायचं. तिथं उलटं. वर सगळं पाणीच."

"मग ताणा कुटं बांधशील, पोरी?" मी म्हणालो. पोरी म्हटल्याचं माझ्या नंतर ध्यानात आलं.

रेल्वे हलली तेव्हा तिनं गाडीच्या खिडकीतून हात बाहेर काढला, बोटं फाकवून, वाऱ्यात धरला. गाडी फलाटाबाहेर जाईपर्यंत तो दिसत होता.

डोळ्यांनी माझी जीप सोडवली. आता मी ऑफिसच्या दारात खुर्ची टाकून बसतो. नवी माणसं आलीत, कोणी नाशिकची, कोणी नागपूरची. तिला कोणी बघितलेलं नाही. पण आतून आवाज येतो, "अरे, आधी पडुगू करून घे, मग बाकीचं." त्यांना वाटतं तो कॉम्प्युटरमधला शब्द आहे. मी सांगत नाही. त्यांनी विचारलं पाहिजे की.

भिंतीवर आमच्याकडचा नकाशा लावलाय. साहेबांनी नव्यानं छापून घेतला, उत्तर सरळ करून. वस्ती मात्र आहे. दुपारी ऑफिसात सामसूम झाली की मी उठतो, त्याच्यापुढं जातो, चष्मा लावतो आणि मान डाव्या खांद्यावर टाकतो. मग मावळत हळूहळू वर येते. खिंड येते, बिरोबाचा माळ येतो, ओढा येतो.

परवा त्या नागपूरच्यानं बघितलं. म्हणाला, "काय मामा, मान आखडली का?"

"थांब जरा," मी म्हणालो. वरपासून खालपर्यंत सावकाश बघितलं. चहा गार झाला.

"न्हाय सुटला," मी म्हणालो.